बाईच्या छातीतला त्रास: नागपूरच्या घरांतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आत्ता या क्षणी छातीत दाब, जळजळ किंवा गच्च भरून आल्यासारखं होत असेल, सोबत घाम, मळमळ किंवा धाप असेल आणि पाच-दहा मिनिटांत ते ओसरलं नसेल, तर पुढे वाचू नका. १०८ ला फोन करा.

पाळी चालू आहे तोवर बाईला अटॅक येत नाही म्हणतात. खरं आहे का?

नाही. पाळी चालू असताना धोका कमी असतो, एवढंच खरं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) स्त्रियांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण ९ वर्षं उशिरा आलेला दिसला. पण त्याच अभ्यासातून हेही पुढे आलं की भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना तो इतरांपेक्षा काही वर्षं आधीच गाठतो. त्यामुळे पंचेचाळिशीतल्या बाईला "तुझं वय कुठे झालंय" म्हणून परत पाठवणं आपल्याकडे परवडणारं नाही. मधुमेह असेल तर पाळीमुळे मिळणारं संरक्षण बहुतेक निघूनच जातं. आणि भारतात स्त्रियांचे सर्वांत जास्त मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनीच होतात. स्तनाच्या कॅन्सरची भीती घराघरांत आहे, ती असायलाही हवी. पण हृदयविकाराने जाणाऱ्या बायका त्याहून कितीतरी जास्त आहेत.

बायकांची लक्षणं अगदी वेगळी असतात का? मोबाइलवर वाचलं की बायकांना छातीत दुखतच नाही.

हे अर्धवट आहे आणि त्याने नुकसान होतं. अटॅक आलेल्या बहुतेक स्त्रियांना छातीत काहीतरी होतंच. फक्त त्या "दुखतंय" असं म्हणत नाहीत. "छाती भरून आली", "आवळल्यासारखं झालं", "जळजळून राहिलंय", "जीव घाबरा होतोय" असं सांगतात. सोबत मळमळ-उलटी, जबडा किंवा मान दुखणं, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे दुखणं, धाप, थंड घाम, एकदम गळून जाणं ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतात. मग ऐकणारा सोबतच्या लक्षणांनाच धरून बसतो. मळमळ आहे म्हणजे पित्त. पाठ दुखते म्हणजे धुणं-भांडी जास्त झाली. गळून गेली म्हणजे रक्त कमी. घाबरतेय म्हणजे टेन्शन. छातीचं सांगितलेलं तिथेच हरवतं, आणि पुष्कळदा तीच बाई स्वतःहून म्हणते, "गॅस असेल, झोपते थोडी."

काही जणींना, विशेषतः जुना मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या बायकांना, छातीत खरोखर काहीच होत नाही. नुसती धाप लागते, किंवा घाम येऊन भोवळ येते. तेही तितकंच गंभीर समजायचं.

अटॅकच्या आधीच्या दिवसांतला त्रास ओळखायची एक साधी रीत आहे. परवापर्यंत जे काम सहज होत होतं ते आता अडतंय का? जिना चढताना, बादली उचलताना, बाजारातून पिशवी आणताना छातीत, गळ्यात किंवा जबड्यात आवळतं आणि थांबलं की काही मिनिटांत बरं वाटतं, असं असेल तर ती हृदयाची तक्रार असू शकते. ॲसिडिटी जिना मोजत नाही. असा त्रास आता वरचेवर होऊ लागला, कमी कष्टात होऊ लागला, किंवा बसल्या जागी झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माझं एवढंच म्हणणं आहे की "गॅस" हे निदान ईसीजी काढल्यानंतर करावं, आधी नाही.

घरी असं झालं तर नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. बाईला बसवा किंवा टेकवून ठेवा, चालवू नका. तिला शुद्ध असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात किंवा कुठेही रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या. नुसती गिळली तर परिणाम उशिरा होतो. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी तिला आधी लिहून दिलेली असेल तरच द्यायची. बीपी उतरलेलं असताना ती घातक ठरते, म्हणून शेजारच्या काकांची गोळी नको. ती बेशुद्ध पडली आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि वेगाने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. बाई आहे म्हणून संकोच करू नका. अशा वेळी स्त्रियांच्या छातीला हात लावायला लोक कचरतात, आणि ती मिनिटं पुन्हा मिळत नाहीत.

काय करू नये तेही सांगते, कारण वेळ तिथेच जातो. सोडा पाजून ढेकर येण्याची वाट पाहणं. पाठीला बाम चोळणं. मुलगा बुटीबोरीहून ड्युटी संपवून येईल मग जाऊ म्हणणं. स्वयंपाक उरकून, आंघोळ करून, साडी बदलून निघणं. स्कूटीवर मागे बसवून नेणं. रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं म्हणून सकाळपर्यंत पडून राहणं. या शेवटच्या गोष्टीबद्दल बायकांनाच कळकळीची विनंती आहे: उठवा. घरच्यांची झोपमोड झाली तरी चालेल.

नागपूरबाहेर, काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर भागात असाल, तर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव घेऊन थेट गाडी हाकण्याआधी विचार करा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी निघतो. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथे असेल तर ते लवकर मिळणं हे उशिरा मिळालेल्या अँजिओप्लास्टीपेक्षा (फुग्याने धमनी उघडण्यापेक्षा) पुष्कळदा जास्त हिताचं असतं. हे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. तो वेळ प्रवासात घालवू नये.

ईसीजी नॉर्मल आला आणि घरी पाठवलं. आता निर्धास्त राहू का?

एका ईसीजीवरून नाही. अटॅक चालू असतानाही पहिला ईसीजी साधा दिसू शकतो. म्हणून त्रास चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. त्यामुळे तेही काही तासांच्या अंतराने दोनदा बघायचं असतं. अतिसंवेदनशील ट्रोपोनिनच्या तपासणीत स्त्रियांसाठीची मर्यादा पुरुषांपेक्षा कमी धरतात. रिपोर्टवर एकच आकडा छापलेला असेल तर डॉक्टरांना विचारा: "हा आकडा बायकांसाठीचा आहे का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

छातीत दुखतं म्हणून आलेल्या कुणाचाही ईसीजी पोहोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा, असं वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात. केस पेपरच्या रांगेत उभं केलं तर "छातीत दुखतंय" हे शब्द मोठ्याने आणि सगळ्यात आधी बोला. पित्ताची, पाठीची, झोपेची हकिगत मागून सांगा.

स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे ब्लॉकेज आहेच?

नक्की नाही. पट्ट्यावर चालवून केलेली टीएमटी स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त वेळा खोटी पॉझिटिव्ह येते. गुडघ्यांमुळे पुरेसं चालता न आल्याने ती अर्धवटही राहते. अशा वेळी स्ट्रेस इको, हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन किंवा सीटी अँजिओग्राफी यांतलं काय योग्य ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतात. नुसता टू-डी इको चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही, तो हृदयाचं आकुंचन आणि झडपा दाखवतो.

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं नाही. "मनाचं आहे" म्हणाले. पण त्रास तर होतोच.

या प्रश्नापाशी थांबायला हवं, कारण अशा बायका वर्षानुवर्षं एका दारातून दुसऱ्या दारात फिरतात. अँजिओग्राफी मोठ्या धमन्या दाखवते. हृदयाच्या स्नायूत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात दिसत नाहीत. त्या नीट फाकत नसतील तर मोठी धमनी मोकळी असूनही स्नायूला रक्त कमी पडतं, आणि हे स्त्रियांमध्ये जास्त आढळतं. काहींची धमनी अधूनमधून आखडते. हा त्रास बहुधा पहाटे, बसल्या किंवा झोपल्या जागी होतो. दर १०० अटॅकपैकी साधारण ५ ते १० मध्ये मोठा अडथळा सापडतच नाही, आणि त्यातही स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे. ट्रोपोनिन वाढलेलं असताना "सगळं नॉर्मल आहे" असं म्हणून फाइल बंद करता येत नाही. हृदयाचा एमआरआय अशा वेळी पुष्कळ सांगून जातो.

आणखी दोन कारणं माहीत असावीत. पहिलं, धमनीच्या आतल्या थराला आपोआप चीर पडणं. हे तरुण बायकांमध्ये, बाळंतपणानंतरच्या दिवसांतही होतं. कोलेस्टेरॉल चांगलं असलं तरी होतं. बऱ्याच जणींमध्ये ती चीर औषधांवर आणि वेळ देऊन भरते, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालण्याची घाई करत नाहीत. म्हणून ओल्या बाळंतिणीच्या छातीतलं दुखणं "दूध साचलंय" म्हणून सोडू नका. दुसरं, जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा अचानक दुबळा पडणं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलेला ताकोत्सुबो तो हाच. त्याचे बहुतेक रुग्ण म्हणजे पाळी गेलेल्या बायका. घरात मृत्यू झाल्यावर छातीत कळ येऊन कोसळलेल्या बाईला "रडून रडून झालं" म्हणून बाजूला बसवून ठेवू नये, तिचाही ईसीजी काढावा. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं. मूल आता दहा वर्षांचं आहे. त्याचा आता काय संबंध?

संबंध आहे. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागली असतील, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. गरोदरपणातला मधुमेह, दिवस भरण्याआधी झालेली प्रसूती, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार), चाळिशीच्या आत गेलेली पाळी, र्‍हुमॅटॉइड प्रकारचा संधिवात किंवा ल्युपस (दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेलं रेडिएशन, ही सगळी माहिती हृदयाच्या डॉक्टरांच्या कामाची असते, पण ते विचारतीलच असं नाही. बाळंतपण डागा, मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत झालं असो किंवा खासगीत, त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड फेकू नका. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड आपण जपून ठेवतो, त्याच पिशवीत आईचं ठेवा. आणि वर्षातून एकदा बीपी व शुगर बघा. पुढचं मूल हवं असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीच्या "प्रिल" किंवा "सार्टन" अशा नावाच्या गोळ्या चालू आहेत हे आधीच सांगा. गरोदरपणात त्या चालत नाहीत, बदलून घ्याव्या लागतात.

आमच्याकडे कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) मात्र चालतो. तो तर तोंडाला वाईट, हृदयाला काय?

हृदयालाही वाईट. इंटरहार्टच्याच आकडेवारीत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला. निकोटीन गालातून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, धमन्या आखडवतं. धूर नसला तरी हे होतंच. विदर्भात बायकांचा खर्रा लपून चालतो: शेतात, बांधकामावर, धुण्या-भांड्यांच्या कामावर, भूक मारायला, झोप उडवायला. सकाळी पोट साफ व्हायला तंबाखूची मिसरी किंवा गुडाखू लावणाऱ्याही आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा टपरीवर घोटून मिळतोच. डॉक्टर पुरुषाला "तंबाखू खाता का" विचारतात, बाईला विचारत नाहीत, आणि ती सांगत नाही. कृपा करून सांगा. सोडायला निकोटीनचं च्युइंगम, औषधं आणि समुपदेशन मिळतं. सरकारी रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत, १८०० ११ २३५६ ही देशाची मोफत क्विटलाइनही आहे. घरच्यांनी ओरडून ते सुटत नाही.

चुलीचा धूर हाही हृदयाचा शत्रू आहे. गॅस घरात असूनही भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर होत असेल तर निदान चूल उघड्यावर घ्या.

सावजी बंद करायचं का? तर्री-पोहे?

सणावारी सावजी खाल्लं म्हणून कुणाच्या धमन्या बुजत नाहीत. अडचण रोजची आहे. घरातल्या चार माणसांना महिन्याला तेल किती लागतं ते एकदा मोजा. माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास असेल तर ठीक. तर्रीवरचा तवंग काढून रस्सा घेता येतो. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नये, आणि समोसे-आलुबोंडे जिथे घेता तिथली कढई एकदा बघून घ्या.

मिठाकडे मात्र आपलं लक्ष नसतं. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही. आंब्याचं लोणचं, पापड, सांडगे, कुरड्या, वाळवलेल्या मिरच्या, ठेचा हे सगळं त्यातच धरायचं. बीपी असलेल्या बाईने जेवणात लोणचं आणि पापड दोन्ही घेऊ नये.

आपल्याकडचं चांगलंही भरपूर आहे. ज्वारीची भाकरी, तूर-मूग-बरबटी, पालेभाज्या, जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ प्रकारची चरबी असते, दाण्याच्या कुटासारखं ते भाजीतही चालतं. संत्री रस काढून नव्हे, फोडी सोलून खावीत. शुगर असेल तर एक पुरे. आणि शेवटी उरलंसुरलं खाणारी बाई दिवसातून एकदाच भातावर पोट भरते, डाळ आणि भाजी संपलेली असते. ताटं एकाच वेळी वाढली तर पथ्याचा निम्मा प्रश्न सुटेल.

दिवसभर घरकाम करते. वेगळं चालायला कशाला हवं?

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. घरकामात हा वेग सलग राहत नाही. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स लांब पडत असेल तर गल्ली चालेल, गच्चीही चालेल. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर वजन बरोबर वाटत असूनही सावध व्हा. आपल्या लोकांची चरबी पोटावर बसते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चालणं उजाडायच्या आधी. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल आणि घाम भरपूर जात असेल, तर भोवळ येऊ शकते. डोस कमी करायचा का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका. हृदय दुबळं असेल तर पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या.

हरतालिका, महालक्ष्म्या, नवरात्र. उपवास चालतील?

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना निर्जळी उपवास धोक्याचा. शुगर घसरली की हृदयावर ताण येतो. आधी गोळ्यांची वेळ ठरवून घ्या. स्टेंटनंतरच्या गोळ्या उपवासालाही घ्यायच्याच. औषधाने उपास मोडत नाही असं घरातल्या मोठ्यांनीच तिला सांगितलं तर ती ऐकते. साबुदाणा आणि बटाट्याचे चिवडे यांपेक्षा भगर, दही, शेंगदाणे थोडे बरे.

अटॅक येऊ नये म्हणून रोज एक ॲस्पिरिन घेऊ का? आणि पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या?

ज्यांना हृदयविकार झालेला नाही त्यांनी मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. हजारो निरोगी स्त्रियांवर झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात (२००५) तिने एकूण पाहता अटॅक कमी झाले नाहीत, रक्तस्राव वाढला. हार्मोनच्या गोळ्याही हृदयासाठी म्हणून देत नाहीत. २००२ मध्ये तिथलाच मोठा अभ्यास फायद्याऐवजी अपाय दिसल्याने मधेच थांबवला गेला. अंगातून वाफा निघून जगणं नकोसं झालं असेल, तर साठीच्या आतल्या, धोका कमी असलेल्या बाईला त्या डॉक्टर देऊ शकतात. ते कारण वेगळं.

स्टेंट टाकला. आता बरी आहे, गोळ्या किती दिवस?

अटॅकनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर, मग एक कायमची. मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गाठ होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, आणि तो जीवघेणा असतो. दात काढायचा आहे, पाळीत रक्त जास्त जातंय, गोळ्या संपल्या आणि पैसे नाहीत, काहीही असो, आधी विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून सोडायची नसते, तो नॉर्मल गोळीमुळेच आहे. हृदयविकार झालेल्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, पुष्कळदा ५५ च्याही खाली ठेवतात. बीपी बहुतेकींचं १३०/८० च्या आत हवं.

पुरुष घरी आला की महिनाभर विश्रांती घेतो. बाई आली की चौथ्या दिवशी पोळ्या लाटायला उभी असते. तिलाही विश्रांती आणि हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम लागतो. उदास वाटणं, रडू येणं, झोप न लागणं अटॅकनंतर नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. ते सांगायचं राहून गेलं तर औषधंही नीट घेतली जात नाहीत.

खर्च कसा झेपायचा?

मेडिकलशी जोडलेल्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये आणि मिहानमधल्या एम्समध्ये हृदयरोग विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, अँजिओप्लास्टी आणि बायपासही. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. रोजच्या बहुतेक गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. तिच्या गोळ्यांचे पैसे घरखर्चातून वाचले तर, असं ठेवू नका. ते आधी बाजूला काढा.

आईला साठीत अटॅक आला. मी ३४ वर्षांची आहे, काही त्रास नाही. मी काय करू?

आई किंवा बहिणीला ६५ च्या आत, वडील किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घरातला धोका धरतात. बीपी, शुगर किंवा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉलचा पूर्ण रिपोर्ट आत्ता करून घ्या. लायपोप्रोटीन-ए (धमन्यांना बाधणारा, कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातला कण) ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून ठेवली तर चांगलं. ते बहुतांशी जन्मजात असतं आणि आपल्या लोकांत पुष्कळांचं जास्त निघतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. जाताना सासूबाईंना आणि घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सोबत घेऊन जा.